शुक्रवार कीं मंगळवार?

इतिहासाच्या शिक्षकास मुलें ज्या प्रश्नांनीं छळतात त्यांत तारखांचा प्रश्न पहिला. लढाई कां झाली हें मुलांच्या लक्षांत राहतें. ती कोणत्या सालीं झाली हें राहत नाहीं. तीसेक वर्षें मीं फळ्यावर सन लिहिले आणि पुसले. सेवानिवृत्तीबरोबर तारखांचा ससेमिरा सुटला असें मला वाटत होतें. परंतु माझ्या पुतण्यानें तो नव्या रूपानें पुन्हां माझ्यामागें लावला, आणि आजचें हें भाषण त्याच प्रसंगांतून निघालें आहे.

आमच्या गांवच्या वाचनालयासाठीं तो दिनविशेषाचें एक पान तयार करीत होता. हें पान संगणकावर दिसावयाचें. त्यांत त्यानें शिवजन्माची तारीख घातली, १९ फेब्रुवारी १६३०, आणि म्हणाला, "काका, वार आपण शोधावयास नको, तो यंत्रच काढील." यंत्रानें वार काढला, आणि तो मंगळवार निघाला. मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. जेधे शकावलींत, म्हणजे जी लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणली त्या नोंदवहींत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असें स्पष्ट लिहिलें आहे. पुतण्या हंसून म्हणाला, "कोणा जुन्या कारकुनाची चूक झाली असेल. यंत्र कशाला चुकेल?"

प्रश्न दिसावयास एका वाराचा होता. पण ज्या नोंदींतील वार खोटा ठरतो त्या नोंदीच्या तिथीवर तरी कोणी विश्वास कां ठेवावा? शिवजन्माची जी तारीख आज सरकारदरबारीं मान्य झाली आहे तिचा मोठा आधार हीच शकावली आहे. तिच्यांतला शुक्रवार खोडून मंगळवार छापला तर तो उद्यां शंभर मुलांच्या वह्यांत उतरणार आणि परवां कोणी तरी त्यावरून शकावलीच अविश्वसनीय ठरविणार. तेव्हां कोण चुकलें हें समजल्यावांचून तें पान पुढें जाऊं द्यावयाचें नाहीं, असें मीं सांगितलें. त्यासाठीं मला या वयांत यंत्राचा इतिहास शिकावा लागला.

पुतण्या ज्या भाषेंत तें पान लिहीत होता तिला पीएचपी म्हणतात. ही सर्व्हरवर चालणारी भाषा. याचा अर्थ असा कीं, पाहुण्यापुढें ताट येतें तें स्वयंपाकघरांत वाढूनच येतें. भाजी कशी चिरली तें पाहुण्यास दिसत नाहीं. तसें दूरच्या सर्व्हरवर ही भाषा पान सिद्ध करते आणि वाचणाऱ्याच्या घरीं तयार अक्षरें पोंचतात. रासमुस लेर्डोर्फ नांवाच्या, ग्रीनलंडमध्यें जन्मलेल्या गृहस्थांनीं १९९४ सालीं स्वतःचा परिचय देणारें पान किती लोक पाहतात हें मोजण्यासाठीं कांहीं लहान प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ च्या जूनमध्यें ते सर्वांस मोकळे केले. पुढें इस्राएलमधील अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोघां विद्यार्थ्यांनीं त्याची नवी बांधणी केली. तिसरी आवृत्ति १९९८ सालीं निघाली. घरगुती हिशेबाच्या वहीचें असें बघतां बघतां जगाचें दप्तर झालें.

आतां या दप्तरांत तारीख कशी ठेवतात? आपण समजतों कीं, दिवस, महिना, सन अशी ती लिहून ठेवीत असतील. तसें नाहीं. यंत्र तारीख ठेवीत नाहीं, तें सेकंद मोजतें. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, ग्रीनिचच्या वेळेप्रमाणें, किती सेकंद लोटले तो एक आंकडा, एवढेंच त्याचें पंचांग. ही रीत पीएचपीची स्वतःची नव्हे. ती युनिक्स नांवाच्या व्यवस्थेकडून आली. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनीं ती उभारली. गंमत अशी कीं, १९७१ च्या त्यांच्या पहिल्या हस्तपुस्तिकेंत काल १ जानेवारी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागांनीं मोजला होता. त्या वेळच्या ३२ घरांच्या पाटींत हा आंकडा सव्वादोन वर्षांतच भरून जाई. मग सेकंद धरले आणि आरंभ १९७० वर आणून ठेवला. म्हणजे ज्या क्षणापासून आज सारें जग काल मोजतें त्या क्षणीं कोणी राजा सिंहासनावर बसला नाहीं कीं कोणी धर्म स्थापिला नाहीं. हिशेबनिसाच्या सोयीचा तो दिवस होता. शालिवाहनाच्या शकाचा पंडितांनीं एवढा वाद घातला. या शकाच्या आरंभाविषयीं कोणास कांहीं वाटत नाहीं!

सेकंदांनीं मोजूनही ती ३२ घरांची पाटी एका टोंकास १९०१ च्या डिसेंबरांत संपते आणि दुसऱ्या टोंकास १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळांत सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं, भरून जाते. पाटी ६४ घरांची केली म्हणजे ही अडचण उरत नाहीं आणि बहुतेक ठिकाणीं ती आतां केलेली आहे. परंतु २००५ पूर्वींची स्थिति ऐका. विंडोज यंत्रांवर त्या काळचें पीएचपी १९७० च्या मागें जातच नसे. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख छापावयास सांगितली तरी तें हात टेकी. मग १६३० ची कथा काय! म्हणजे आमच्या घरांत जो तंटा झाला तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं झालाच नसता. यंत्र मुकें राहिलें असतें आणि शकावलीचा शुक्रवार सुखरूप राहिला असता.

तें मुकेपण घालविण्याचें काम मुख्यतः डेरिक रेथन्स या डच गृहस्थांनीं केलें. २००५ च्या अखेरीस त्यांनीं या भाषेचें कालगणनेचें अंग नव्यानें लिहिलें आणि २००६ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या ५.२ या आवृत्तींत 'डेटटाइम' नांवाची वस्तु सर्वांच्या हातीं आली. या भाषेंत अशा वस्तूस ऑब्जेक्ट म्हणतात. नुसता आंकडा म्हणजे उघड्या पैशासारखा. तो कोठला, कोणत्या नाण्याचा, हें त्यावरून कळत नाहीं. ऑब्जेक्ट म्हणजे झांकणाची डबी. तींत काल असतो, तो कोणत्या प्रदेशाच्या घड्याळाचा याची चिठ्ठी असते, आणि दिवस मिळविण्याची, वजा करण्याची, छापून देण्याची रीतही तिच्याबरोबरच येते.

नवशिका येथेंच पहिल्यांदा ठेंचाळतो. तो डबीच कागदावर छापावयास सांगतो. यंत्र तक्रार करतें कीं, या ऑब्जेक्टचें अक्षरांत रूपांतर होऊं शकत नाहीं, आणि काम थांबवितें. पुतण्याचेंही तसेंच झालें. त्याला तो यंत्राचा हट्ट वाटला. मला मात्र त्यांत शहाणपण दिसलें. सुभेदाराच्या कचेरींत जाऊन "तारीख सांगा" म्हटलें असतें तर कारकुनानें प्रथम हेंच विचारलें असतें, "कोणती? शक, फसली, सुहूर कीं इसवी?" डबी तोच प्रश्न करते: कोणत्या रूपांत छापूं तें सांगा. तें रूप एकेका इंग्रजी अक्षरानें सांगावयाचें. लहान 'डी' म्हणजे दोन अंकी दिवस, मोठा 'वाय' म्हणजे चार अंकी सन, लहान 'वाय' म्हणजे त्याचे शेवटचे दोनच अंक, लहान 'एल' म्हणजे वाराचें पूर्ण नांव. लहान 'एम' महिन्यासाठीं आधींच घेतलेला, म्हणून मिनिटांच्या वांट्यास 'आय' आला. पुतण्यानें घाईनें मिनिटांच्या जागीं 'एम' लिहिला आणि त्याच्या पानावर घड्याळ दिवसभर दोन मिनिटांवरच अडून बसलें, कारण महिना फेब्रुवारी होता. मला हें दिसलें आणि त्यास दिसलें नाहीं, याचा आनंद मीं लपविला नाहीं.

मोठ्या 'वाय'च्या शेजारीं लहान 'ओ' बसलेला आहे. तोही सनच छापतो, पण आठवड्यांच्या हिशेबाचा. ३० डिसेंबर २०२४ हा दिवस त्याच्या मतें २०२५ सालांत पडतो! वर्षांतले तीनशें साठ दिवस दोघे एकच सन सांगतात आणि नेमके वर्षाच्या कांठावर वेगळे होतात; अशी चूक हुडकणें फार कठीण.

तारीख डबींत घालतांनाही एक खांच आहे, आणि ती आपल्या विषयास थेट लागते. शिवजन्माची दुसरी, पूर्वीं रूढ असलेली तारीख ६ एप्रिल १६२७. ती आडव्या रेघा देऊन ०६-०४-१६२७ अशी लिहिली तर यंत्र ६ एप्रिल समजतें; तिरप्या रेघा देऊन लिहिली तर अमेरिकेच्या पद्धतीनें ४ जून समजतें, आणि चकार शब्द न काढतां तसें छापतें. १९ फेब्रुवारी मात्र तिरप्या रेघांनीं लिहिली तर तें अडतें, कारण एकोणिसावा महिना त्यास सांपडत नाहीं. मोठ्या आंकड्यानें येथें आपणांस वांचविलें. लहान आंकड्यानें गुपचूप बुडविलें असतें.

आणखी एक खोड या डबीस प्रथमपासून होती. तींतल्या तारखेंत सात दिवस मिळवा म्हटलें कीं, ती मूळ तारीखच खोडून नवी लिही. जन्म आणि बारसें दोन्ही छापूं गेलें तर दोन्ही ठिकाणीं बारशाचीच तारीख येई. २०१३ सालीं ५.५ या आवृत्तींत न बदलणारी डबी निराळी दिली, तेव्हां ही पंचाईत टळली. मूळ कागदावर गिरवूं नये हें दप्तरदारास कोणी शिकवावें लागत नाहीं. यंत्रकारांस तें कळावयास सात वर्षें लागलीं.

प्रदेशाच्या चिठ्ठीविषयीं थोडें सांगतों. सर्व्हरवाल्यानें कांहींच सांगितलें नाहीं तर यंत्र ग्रीनिचची वेळ धरतें, आणि मग दसऱ्याच्या पहाटे पांच वाजतां आपलें पान आदल्या दिवसाचीच तारीख दाखवीत बसतें. साडेपांच वाजले कीं त्यास जाग येते. साऱ्या भारतासाठीं त्याच्याजवळ चिठ्ठी एकच, 'एशिया कोलकाता'. १९०६ सालीं प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं, पण त्या मुंबईवेळेस यंत्राच्या बाडांत जागा मिळाली नाहीं. उलट प्रमाणवेळेपूर्वींच्या, अगदीं जुन्या तारखेस तें कलकत्त्याची स्थानिक वेळ लावतें, ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटें पुढची. शिवनेरीवरच्या जन्मास कलकत्त्याचें घड्याळ! पुतण्यानें ती ५ तास ५३ मिनिटें मला दाखविलीं तेव्हां मला प्रथम वाटलें कीं, वाराचा घोळ येथेंच असावा. पण तासाभराच्या फरकानें शुक्रवारचा मंगळवार होत नाहीं. तीन वारांचें अंतर पडलें होतें. चोर दुसरीकडे होता.

तो सोळाव्या शतकांत सांपडला. ज्युलियस सीझरच्या पंचांगांत दर चौथें वर्ष लीप असे, त्यामुळें वर्ष खऱ्या सौर वर्षाहून अकरा मिनिटांनीं लांब पडे. साठत साठत दहा दिवसांची थकबाकी झाली. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं ती एकदम वसूल केली: ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर. वार मात्र तुटला नाहीं. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. स्पेन, पोर्तुगाल यांनीं ही सुधारणा लगेच घेतली. इंग्लंडनें पोपचें म्हणून ती नाकारली आणि १७५२ पर्यंत जुनें पंचांग चालविलें. म्हणून शिवकालांत गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांतली तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारींतली तारीख यांत दहा दिवसांचें अंतर पडतें, दिवस एकच असला तरी. भर म्हणजे इंग्रजांचें कायदेशीर वर्ष त्या काळीं २५ मार्चला बदले. त्यांचा कारकून त्या फेब्रुवारीस १६३० नव्हे, १६२९ म्हणाला असता.

आमच्या इतिहाससंशोधकांनीं शिवकालीन तिथींच्या इंग्रजी तारखा काढतांना जुनें, म्हणजे इंग्रज वखारींत चालू असलेलें, पंचांग धरलें. खरे जंत्री चाळणाऱ्यांस हें ठाऊक आहे. फाल्गुन वद्य तृतीया ही त्या हिशेबानें १९ फेब्रुवारी. नव्या पंचांगानें त्याच दिवसास १ मार्च १६३० म्हणावें लागतें. पीएचपीच्या डबीस जुनें पंचांग ठाऊकच नाहीं. ग्रेगरीचा नियम ती १५८२ च्याही मागें, थेट सनाच्या आरंभापर्यंत आणि त्यापलीकडे, बेलाशक लावते. १९ फेब्रुवारी म्हणतांच तिनें ग्रेगरीच्या पंचांगांतली १९ फेब्रुवारी घेतली, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या दहा दिवस आधींचा दिवस. त्या दिवशीं खरोखरच मंगळवार होता. दहा दिवस पुढें मोजा: शुक्रवार येतो. जेध्यांच्या घरच्या नोंद करणाऱ्यानें चूक केली नव्हती. यंत्रानेंही हिशेब चुकविला नव्हता. त्यास प्रश्नच दुसऱ्या दिवसाविषयीं विचारला गेला होता.

यावर उपायही त्याच भाषेंत आहे. तिला कॅलेंडर नांवाची एक पुरवणी मिळते. ती प्रत्येक सर्व्हरवर चालू असतेच असें नाहीं. या पुरवणीचा पाया मात्र जुना. जोसेफ स्कॅलिजर या फ्रेंच पंडितानें १५८३ सालीं एक दीर्घ कालावधि योजिला. त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४७१३ च्या १ जानेवारीस. त्या दिवसापासून एकेक दिवस सरळ मोजीत यावयाचें. पंचांगें बदलोत, दिवसांची माळ तुटत नाहीं. ज्योतिषी तीच माळ अजून वापरतात. पुतण्यानें जुन्या पंचांगांतली १९ फेब्रुवारी १६३० या पुरवणीस दिली; तिनें उत्तर दिलें २३,१६,४६५. तोच आंकडा पुन्हां तिला देऊन नवें पंचांग मागितलें, तेव्हां १ मार्च निघाला. ती तारीख डबींत घालून वार छापला: फ्रायडे. इंग्रजींतच, कारण ही डबी वार-महिन्यांचीं नांवें इंग्रजीशिवाय छापीत नाहीं. मराठी 'शुक्रवार' आणि देवनागरी अंक यांसाठीं २००९ पासून मिळूं लागलेली निराळी पुरवणी घ्यावी लागते. तिच्यांत आपलें राष्ट्रीय शक पंचांगही आहे. परंतु तें १९५७ सालीं सुरू झालेलें सौर पंचांग. फाल्गुन वद्य तृतीया त्यांतून निघत नाहीं. तिथीसाठीं अजून जंत्रीच उघडावी लागते, नाहीं तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ सालीं सिद्ध केलेलीं कोष्टकें. दीक्षितांचाही पेशा शिक्षकाचाच होता, एवढें जातां जातां सांगून घेतों.

शुक्रवार परत मिळाल्यावर मला उगीच जोर चढला. मीं म्हटलें, आतां ६ एप्रिल १६२७ चाही वार काढ, म्हणजे खरी तारीख कोणती याचा निकाल आजच लागेल. यंत्रानें आधीं मंगळवार सांगितला. जुन्या पंचांगानें पाहिलें तेव्हां शुक्रवार! दोन्ही तारखांस तेच दोन वार. माझा विश्वास बसेना. कागद घेऊन मीं हातानें दिवस मोजले. ६ एप्रिल १६२७ पासून १९ फेब्रुवारी १६३० पर्यंत बरोबर १०५० दिवस भरतात, म्हणजे पुरते १५० आठवडे. वाराच्या साक्षीवर त्या वादाचा निकाल लागावयाचा नव्हता. तो संशोधकांनीं इतर पुराव्यांवर घातला तेंच योग्य झालें.

वाचनालयाच्या पानावर आतां शुक्रवार आहे आणि तारखेच्या पुढें 'जुनी गणना' असे दोन शब्द आहेत. ते दोन शब्द घालावयास पुतण्यानें तीन दिवस घेतले, कारण मग प्रत्येक जुन्या तारखेस ते लागूं लागले. काल रात्रीं तो राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ वर आला होता. डबी बुधवार म्हणते. जुन्या हिशेबानें शनिवार येतो. या खेपेस त्यानें मला न विचारतां जंत्री काढली.